लिबी कुचेराचे चाळीस पौंड

त्या हिवाळ्यात लिबी कुचेराच्या घरात एकही झाकण घट्ट नव्हतं. जॅमच्या बाटल्या, काकडीच्या लोणच्याच्या बरण्या, कॉफीचा डबा, अगदी गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकणसुद्धा. तिचा नवरा लुमिर तिच्या आधी उठायचा आणि तिच्या हाताला जोर पडेल अशी प्रत्येक वस्तू थोडी सैल करून परत जागेवर ठेवायचा. त्याबद्दल अवाक्षर काढायचा नाही. माणूस चांगला, पण आपला चांगुलपणा कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याचा कोण आटापिटा चाले, आणि त्या आटापिट्यात आंबवलेल्या कोबीची अख्खी बरणी नासली.

"कोबीला कुणी हात लावला होता?" लिबीने विचारलं.

"कोबीला कोण हात लावतंय?"

"झाकण सैल होतं, लुमिर."

"थंडीने काच आकसते," तो म्हणाला. पस्तीस वर्षं त्याने गावातल्या धान्याच्या कोठीत यंत्रांवर काढली होती. डावा कान तिथेच गेला, आणि कशाचंही कारण देऊन मोकळं व्हायची सवय तिथूनच लागली. लिबीने कोबी कोंबड्यांपुढे टाकली आणि विषय सोडून दिला.

नोव्हेंबरात ती पडली होती. एकोणतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवणारी बाई, बर्फात, चिखलात, धुळीच्या वादळात कधी पाच मिनिटं उशीर नाही, आणि पडली कुठे तर उभ्या बसच्या पायरीवरून. पोरं अजून चढायची होती एवढंच नशीब. उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. लिंकनला जाऊन शस्त्रक्रिया झाली. टाके काढताना डॉक्टरीणबाईने सांगितलं, उन्हाळा लागेपर्यंत बस नाही, फावडं नाही, ओढाताण नाही.

"आणि धनुष्य?" लिबीने विचारलं.

"केवढ्या ओढीचं?"

"हलकंच असतं," लिबी म्हणाली. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात ती डॉक्टरशी एवढंच खोटं बोलली असेल. तिच्या धनुष्याची ओढ पन्नास पौंडांची होती, म्हणजे दोरी पुरती मागे ओढायला तेवढा जोर लागे.

आमच्या नेब्रास्कात वसंतात टर्की मारणारे पुष्कळ. त्यातले बहुतेक बंदूक घेऊन जातात, चाळीस पावलांवरून बार काढतात आणि नऊच्या आत कॉफी प्यायला परत येतात. धनुष्यवाल्याचं तसं नसतं. सपाट शेतजमीन, आडोशाला झुडूप नाही, आणि त्या पक्ष्याची नजर अशी की दूरवरून पापणी हललेली दिसते. म्हणून शेताच्या ऐन मध्यावर कापडी लपण उभी करायची, मागच्या खिडक्या बंद ठेवायच्या, अंगात काळे कपडे घालायचे आणि अंधारात स्टुलावर बसून राहायचं. हरणाला शेतात नवा तंबू दिसला तर ते आठवडाभर तिकडे फिरकत नाही. टर्कीला तंबूचं सोयरसुतक नसतं, तो दाराशी येऊन किडे टिपतो. पण तंबूच्या आत बोट जरी हललं तरी गेला म्हणून समजा.

मग धनुष्य ओढायचं कधी? त्याची युक्ती लिबीला तिच्या वडिलांनी शिकवली होती. त्यांना ती ताता म्हणायची. रबराची नकली मादी मांडायची, तिच्या शेजारी नकली पोरसवदा नर मांडायचा, आणि त्या नराचं तोंड लपणीकडे करायचं. खरा नर येतो तो त्या पोराला दम द्यायला. दम द्यायचा तर समोरासमोर उभं राहायला हवं, म्हणजे त्याची पाठ आपल्याकडे. आणि दम देताना तो शेपटीचा पिसारा उभारतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा हा ढुंगणाला बाशिंग बांधून उभा. त्या पिसाऱ्याने त्याचं त्यालाच मागचं काही दिसत नाही. तेवढ्यात ओढायचं. ओढलं की धरून ठेवायचं, तो वळेपर्यंत.

ताता म्हणजे वेन्सिल हाव्लिक. याच घरात राहिले, याच शेतात राबले. जमीन आता शेजारच्या गेलनच्या नांगराखाली आहे. दर मार्चात लिबी त्याच्याकडे कोलाच्यांचं, म्हणजे खसखस भरलेल्या गोड पावांचं, ताट घेऊन शिकारीची परवानगी मागायला जाते, आणि तो दरवर्षी "विचारायचं काय त्यात" म्हणत ताट ठेवून घेतो. विचारायचं असतं, म्हणून ती विचारते.

घरामागचा जुना गोठा मात्र लिबीने राखला होता, मुख्य म्हणजे त्याच्या दारासाठी. ते दार उघडून भिंतीला लावलं की त्याची आतली बाजू स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येते. त्या बाजूला डावीकडे तातांची पिसं ठोकलेली आहेत. एका पक्ष्याचं एक पीस, त्याखाली साल, आणि सालाखाली धनुष्याची ओढ. पंचावन्न, पंचावन्न, पंचावन्न. शेवटचं पीस १९९१चं, तेही पंचावन्न. त्यानंतर कोरी फळी.

त्या साली तातांना त्यांचं पंचावन्नाचं लाकडी धनुष्य शेवटचं पुरतं ओढता आलं. पुढच्या वसंतात दुकानदाराने चाळीस पौंडांचं दाखवलं, तर म्हणाले, "पोरीबाळींचं खेळणं मला नको." आणि धनुष्य खुंटीला लावलं ते कायमचं. नंतर बारा वसंत ते स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून होते, हातात दुर्बीण. संध्याकाळी जेवताना सांगायचे, "आज तीन होते. मोठा मागे राहतो." लिबी पक्षी मारून आणायची. ते तिच्या हातचं चवीने खायचे, पण किती पावलांवरून मारला हे त्यांनी बारा वर्षांत एकदाही विचारलं नाही. लिबीला त्यांची आठवण आली की आधी ती खुर्ची आठवायची, मग चेहरा.

दाराच्या उजवीकडे लिबीची पिसं. सव्वीस. सगळ्यांखाली पन्नास.

फेब्रुवारी सरायच्या आतच तिने डॉक्टरीणबाईला न विचारता धनुष्य खाली काढलं. तिचं नव्या धाटणीचं, टोकाला चाकं असलेलं. वरच्या आणि खालच्या बोल्टला एलन-की लावून पिळलं की ओढ कमीजास्त होते. तिने ते पार तीसवर आणलं आणि गोठ्यात गवताच्या गठ्ठ्यांवर नेम धरायला लागली. दर पाच दिवसांनी दोन्ही बोल्टना एक-एक पीळ, म्हणजे दोन पौंड वर. बोल्ट किती आत गेला आहे हे कळावं म्हणून त्याच्या बाजूला नेलपॉलिशची लाल रेघ. बत्तीस, चौतीस, अडतीस. एप्रिलच्या मध्याला ती शेहेचाळीसवर पोहोचली. पंचवीस पावलांवरून तीन बाण एका बशीत बसतील इतका नेम लागला. रात्री मात्र खांदा असा ठणकायचा की कूस बदलताना तिच्या तोंडून आवाज निघायचा. लुमिर बहिरा आहे हे तिला त्या दिवसांत बरंच वाटायचं.

"क्रॉसबो घे ना," लुमिरचा भाऊ डेल्मर गावातल्या कॅफेत म्हणाला. त्याला प्रत्येकाचं दुखणं आपल्या दुकानातल्या मालाने बरं करायची हौस होती, आणि त्याचं दुकान हत्यारांचं होतं. "आधीच ताणून ठेवायचा, घोडा दाबला की झालं. कायद्याने चालतं. खांद्याला काही नाही."

"कॉफी पी, डेल्मर."

"अगं, यात कमीपणा काय? वय झालं की माणूस चष्मा लावतो की नाही?"

"तू लावतोस. तरी गेल्या वर्षी गेलनच्या कुंपणाचा खांब मारलास."

टेबलावरचे सगळे हसले, डेल्मरसुद्धा हसला, आणि लिबी घरी येऊन अर्धा तास खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बसली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो प्रकार. तिला क्रॉसबोचा राग नव्हता. तिला फक्त उजवीकडच्या पिसांखाली आणखी एकदा पन्नास लिहायचं होतं. ते जमलं नाही तर पुढे काय, ते डावीकडे लिहिलेलंच होतं.

एका सोमवारी ती उजाडायच्या आत लपणीत जाऊन बसली. ओढ्याकाठच्या कॉटनवुडच्या झाडांवरून नरांचा गळगळाट सुरू झाला, मग पंख फडफडले, आणि एकेक पक्षी धपाधप जमिनीवर उतरला. सूर्य हातभर वर आला तेव्हा एक मोठा नर मक्याच्या जुन्या खुंटांतून चालत आला. नकली पक्ष्यांपाशी मात्र येईना. पंचवीस पावलांवर थबकला, पिसारा उभारला, आणि पाठ फिरवली.

लिबीने दात आवळून धनुष्य ओढलं. आणि ते आलं, लोण्यातून सुरी यावी तसं. खांद्यात कळ नाही, थरथर नाही. तिला हुंदकाच आला. पाच महिने बर्फ, गोळ्या, रात्रीची तळमळ, आणि आज बघता बघता खांदा बरा झाला होता. नर वळला. तिने पंखाच्या मुळाशी नेम धरला आणि बाण सोडला.

बाण त्याच्या छातीखालून गेला. दोन बारीक पिसं हवेत उडाली, नर टुणकन उडाला आणि खुंटांतून धूम पळत सुटला. लिबीने दुर्बिणीतून तो पार ओढ्यापलीकडे जाईपर्यंत पाहिला. धड चालत होता, कुठे रक्त नव्हतं. मग तिने बाण उचलून बोटांनी पुसून पाहिला. तोही कोरडा.

चूक आपलीच, हात हलला असेल, असं म्हणत ती गोठ्यात आली. गठ्ठ्यावर एक बाण मारला. चार बोटं खाली. दुसरा मारला. तोही चार बोटं खाली. मग तिने धनुष्य उजेडात धरलं. दोन्ही बोल्टवरच्या लाल रेघा जागेवर नव्हत्या. मासे तोलायच्या काट्याला धनुष्य लटकवून तिने दोरी खाली ओढली. काटा चाळीसवर थांबला. म्हणजे तिचा खांदा बरा झाला होता तो फक्त दोन मिनिटं.

लुमिर टेबलाशी बसून वर्तमानपत्र वाचत होता. तिने धनुष्य त्याच्या पानावरच ठेवलं.

"याला हात लावलास?"

लुमिरने कॉफीच्या कपात पाहिलं. "थंडीने कधीकधी..."

"थंडीचं नाव काढू नकोस. एप्रिल आहे."

"तीन पीळ," तो म्हणाला. "दोन्हीकडे सारखे. मोजून केले."

"का?"

"रात्री कण्हतेस."

"तुला ऐकू येतं?"

"डावी कूस करून झोपतो ना. चांगला कान वर राहतो." त्याने कप बाजूला सरकवला. "नोव्हेंबरपासून."

हे ऐकून दुसरी एखादी विरघळली असती. लिबी विरघळली नाही. "आणि बाण त्याच्या पोटात बसला असता तर? नेम शेहेचाळीसला लावलेला, तू केलंस चाळीस. बाण खाली जाणार हे तुला कळू नये? पोटात बाण घेऊन तो दोन दिवस ओढ्यात पडून राहिला असता. कोबी नासली तर कोंबड्यांना टाकता येते, लुमिर."

लुमिरचा चेहरा उतरला. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. ज्याने जन्मात कधी शिकार केली नाही त्याच्या डोक्यात ते यायचं तरी कसं. त्याच्या लेखी ते एक घट्ट झाकण होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

लिबी धनुष्य उचलून बाहेर गेली. तीन पीळ परत आवळले, लाल रेघा जुळवल्या, आणि एक बाण मारला. नेम बरोबर लागला. कळ मात्र खांद्यातून मानेपर्यंत गेली. रोजचीच कळ, पण सकाळी दोन मिनिटं ती नव्हती, हे आता खांद्याला ठाऊक झालं होतं.

पाच दिवस घरात "मीठ दे" आणि "फोन वाजतोय" यापलीकडे बोलणं नव्हतं. झाकणं मात्र घट्ट व्हायला लागली. लिबीला जॅमची बाटली उघडेना तेव्हा तिने ती दाराच्या फटीत धरून पिळली, आणि हे लुमिरने पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं. दोघंही हट्टी. बोलावं तर कोण आधी बोलणार?

सहाव्या दिवशी वारा सुटला होता, म्हणून ती घरीच होती. खांद्यावर बर्फाची पिशवी, हातात कॉफी, खिडकीशी खुर्ची. गेलनच्या हिरव्या गव्हाच्या कडेने पक्षी चालले होते. तिने खिडकीवरची दुर्बीण उचलली.

"आज चार आहेत," ती म्हणाली. "मोठा मागे राहतो."

खोलीत कुणीच नव्हतं. ती कुणाला सांगत होती? तिने दुर्बीण खाली ठेवली आणि खुर्चीचा हात पाहिला. तिथलं लाकूड तातांच्या कोपराने झिजून गुळगुळीत झालेलं होतं, आणि आता तिचं कोपर बरोबर त्याच खळग्यात बसलं होतं. लिबी भ्यायली. बर्फात बस रस्ता सोडून घसरली होती तेव्हासुद्धा ती एवढी भ्यायली नव्हती. तातांचा खांदा आधी नव्हता गेला, हे तिला तेव्हा कळलं. आधी गेला होता त्यांचा पंचावन्नाचा आकडा, आणि आकड्यापायी त्यांनी बारा वसंत घालवले.

लुमिर अंगणात गवत कापायचं यंत्र खोलून बसला होता. ती त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि एलन-की पुढे केली.

"सैल कर."

"काय?"

"धनुष्य. तू केलं होतंस तेवढंच. पण माझ्यासमोर."

लुमिरने हात पँटला पुसले. वरचा बोल्ट तीन पीळ, खालचा बोल्ट तीन पीळ, प्रत्येक पिळाला तो मोठ्याने आकडा म्हणत होता. मग तिने ओढून पाहिलं. ते आलं, सोमवारच्या त्या दोन मिनिटांसारखंच. ओढून धरलं, सावकाश सोडलं, परत ओढलं. शेहेचाळीसवर तिला दिवसातून चारपाच वेळाच ओढता यायचं, आणि एकदा ओढलं की बाण सोडल्याशिवाय गत्यंतर नसायचं.

"रडतेस?" लुमिर म्हणाला.

"गवताची ॲलर्जी आहे मला."

"कधीपासून?"

"थंडीने होते," लिबी म्हणाली.

त्यानंतर तिने नव्याने नेम लावला, आणि अंतराचा नियमही नवा केला. दहा पावलांच्या आत पक्षी आला तर बाण, नाही तर राम राम. कॅफेत डेल्मर म्हणाला, "चाळीस? चाळीस तर माझी नातसुद्धा ओढते." लिबी म्हणाली, "मग तिलाच पाठव. ती तरी कुंपण सोडून दुसरं काही मारेल." यावेळी तिला घरी येऊन बर्फ लावावा लागला नाही.

पण पक्षी दहा पावलांच्या आत यावा लागतो ना. मे महिना असाच सरत चालला. एकदा नर पंधरा पावलांवर तासभर नाचला आणि गेला. पंधरा पावलांवर तिला मोह झाला, हात दोरीवर गेलासुद्धा, पण तिने मागे घेतला. एकदा नेमका कोल्हा आला. एकदा पिसारा लावलेला नवरदेव चार माद्यांच्या मागे असा काही निघून गेला की नकली बाईकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. हंगाम एकतीसला संपतो. अठ्ठावीसला रात्री जेवताना लुमिर म्हणाला, "मी येऊ?"

"तू काय करणार?"

"ती खडूची डबी मी वाजवतो. तुझे दोन्ही हात धनुष्याला राहतील."

ती डबी म्हणजे लाकडी पेटी. वर सैलसर बसवलेलं झाकण खडू लावून घासलं की मादीचा हुबेहूब आवाज निघतो. लिबीने विचार केला. झाकणांच्या बाबतीत या माणसाचा हात कुणी धरू शकणार नव्हतं.

"एका अटीवर," ती म्हणाली. "त्याचा स्क्रू सैल करायचा नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तिने त्याला काळा सदरा घातला, काळी टोपी घातली, आणि पांढऱ्या मिशीला जळक्या बुचाची काजळी फासली. हे काम तिने गरजेपेक्षा जास्त वेळ घेऊन केलं. गेलनचा मका आता घोट्याएवढा झाला होता, शेजारच्या गव्हाला लोंब्या आल्या होत्या. दोघं लपणीत शेजारी शेजारी बसले. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदाच या अंधारात आला होता. तो पाय हलवायचा तेव्हा गुडघे कटकन वाजायचे, आणि ते त्याला ऐकू येत नव्हतं.

मेच्या अखेरीला माद्या अंड्यांवर बसतात आणि नर एकटे पडतात. लुमिरने डबीचं झाकण घासलं. दोनदा हलकेच, मग थांबून एकदा. आवाज इतका खरा आला की लिबीने वळून त्याच्याकडे पाहिलं. ओढ्याकडून लगेच गळगळाट झाला.

नर मक्याच्या ओळीतून सरळ चालत आला. उन्हात त्याचं अंग तांब्यासारखं चमकत होतं, छातीवरची दाढी जमिनीला टेकत होती. नकली पोर दिसल्यावर त्याचं डोकं लालभडक झालं. तो आठ पावलांवर येऊन पोरासमोर उभा राहिला, पंख जमिनीला घासले, आणि पिसारा उभारला. लिबीने धनुष्य ओढलं.

आता तो वळायला हवा होता. वळला नाही. पोराच्या तोंडाशी तोंड लावून खांबासारखा उभा. लिबी मनात मोजत होती. दहा. पंधरा. वीस. पाठमोऱ्या पिसाऱ्यातून बाण मारता येतो म्हणणारे आहेत, पण तिला पंखाचं मूळ दिसल्याशिवाय मारायचं नव्हतं. पंचविसाला दंड थरथरायला लागला. शेहेचाळीस असतं तर एव्हाना बाण सुटलाच असता, कुठेही. शेजारी लुमिर श्वास रोखून बसला होता, त्याच्या काळ्या मिशीवर घाम आला होता.

तिसाला तिने दोरी सोडली नाही. ती इंच इंच पुढे नेली, धनुष्य मांडीवर टेकवलं. बाण दोरीवर तसाच. नराला पिसाऱ्याआड काही दिसलं नाही. त्याने पिसारा मिटला, मान वर करून सगळीकडे पाहिलं, थेट लपणीकडेही पाहिलं. दोघं नवराबायको अंधारात दगड झाले. मग त्याने चोचीने नकली पोराच्या डोक्यावर एक टोला दिला, ते पोर हललं, आणि त्याचा अपमान झाला असावा. पिसारा पुन्हा फुलला.

लिबीने दुसऱ्यांदा धनुष्य ओढलं. आलं. खांदा म्हणाला, बरं. पोराभोवती फिरायला नर डावीकडे वळला, पंख खांद्यापासून जरा सुटला, आणि तिने बाण सोडला.

तो चार पावलं चालला आणि बसला. मग आडवा झाला. बाकी काही नाही.

दोघं बाहेर आले. लिबीने गुडघ्यावर बसून पंख निवेपर्यंत त्याच्यावर हात ठेवला. मग गव्हाची एक हिरवी लोंबी तोडून त्याच्या चोचीत दिली. शेवटचा घास. तातांनी ते त्यांच्या आजोबांकडून घेतलं होतं, आणि आजोबांनी ते बोहेमियातून बोटीने आणलं होतं. लुमिरने टोपी काढली.

"दोनदा ओढलंस," तो म्हणाला. "मी पाहिलं."

"हो."

"जमतं तसं?"

"कधीच जमलं नव्हतं," लिबी म्हणाली. "पन्नासवर असतानासुद्धा नाही."

पक्षी खांद्यावर घ्यायला लुमिर पुढे झाला. लिबीने नको म्हटलं नाही. धनुष्य तिने घेतलं, पक्षी त्याने, आणि नकली नवरा-नवरी तिथेच शेतात उभी ठेवून ते घरी आले. न्याहारीआधी गोठ्याचं दार उघडून भिंतीला लावलं. शेपटीतलं मधलं पीस लिबीने सव्विसाव्या पिसाशेजारी धरलं आणि लुमिरने बारीक खिळा मारला. खाली साल लिहायला मात्र तिचा हात तेवढा वर जाईना. खांदा अजून होता तसाच होता. तिने रंगाचा डबा लुमिरपुढे केला. त्याचं झाकण घट्ट होतं, आणि लुमिर ते उघडेपर्यंत ती शांतपणे थांबली.

त्याने साल लिहिलं. मग कुंचला हातात धरून तो जरा घुटमळला. डावीकडे सगळे पंचावन्न, उजवीकडे सगळे पन्नास. बिचाऱ्याने बायकोची लाज राखायचं ठरवलं असावं.

"चाळीस बारीक लिहू का?"

लिबी अंगणापलीकडे, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहत होती. आत ती खुर्ची रिकामी होती.

"मोठा लिही," ती म्हणाली. "खिडकीतून वाचता आला पाहिजे."